पेटीत एक मत कमी

शुक्रवार, १३ नोव्हेंबर २०२० रोजी सकाळी साडेआठच्या सुमारास जॉर्जिया राज्यातल्या आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या, एका मोठ्या सभागृहात आम्ही काही डझन माणसे तोंडाला मास्क लावून, उजवा हात वर करून उभी होतो आणि मतमोजणीचे काम प्रामाणिकपणे करू अशी शपथ घेत होतो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचे मतदान होऊन दहा दिवस झाले होते. जो बायडन निवडून आल्याचे वृत्तवाहिन्यांनी ७ नोव्हेंबरलाच जाहीर केले होते. पण आमच्या राज्यात त्यांचे मताधिक्य सुमारे पन्नास लाख मतांमध्ये जेमतेम चौदा हजारांचे होते. ती सगळी मते आता हाताने, एकेक कागद उचलून, पुन्हा मोजायची होती. काउंट्या १५९ आणि मुदत बुधवारी, १८ तारखेला मध्यरात्रीपर्यंत. मी मतदान केंद्रावर काम केलेले असल्यामुळे मला बोलावणे आले होते. नागरिकत्व मिळाल्यानंतर राष्ट्राध्यक्षपदासाठी मी पहिल्यांदाच मत दिले होते आणि त्याच निवडणुकीची मते मोजायला बसण्याची वेळ माझ्यावर येईल, असे वाटले नव्हते.

मराठी वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. अमेरिकेत संपूर्ण देशाची निवडणूक घेणारी एकच यंत्रणा नाही. संघराज्याचा निवडणूक आयोग नावाची संस्था आहे, पण तिचे काम प्रचारातल्या पैशांवर देखरेख ठेवण्याचे. मते घेणे आणि मोजणे हे राज्यांचे आणि प्रत्यक्षात काउंट्यांचे काम. राज्यात जो पुढे राहतो त्याला, दोन राज्यांचा अपवाद सोडला तर, राष्ट्राध्यक्ष निवडणारे त्या राज्याचे सगळे प्रतिनिधी मिळतात. जॉर्जियाचे असे प्रतिनिधी सोळा. म्हणून एखाद्या राज्यातल्या काही हजार मतांवर देशभर वाद पेटू शकतो आणि तो शेवटी कुठल्यातरी सभागृहातल्या घडीच्या टेबलापाशी येऊन थांबतो.

हाताने मोजण्याचा निर्णय राज्यातल्या निवडणुकांची जबाबदारी असलेले सेक्रेटरी ऑफ स्टेट ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांनी ११ नोव्हेंबरला जाहीर केला. ते स्वतः रिपब्लिकन पक्षाचे, म्हणजे मागे पडलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांच्याच पक्षाचे. २०१९ च्या राज्य कायद्याने निकालानंतर पडताळणी बंधनकारक केली होती. एरवी या पडताळणीत काही मतपत्रिका नमुन्यादाखल काढून यंत्राच्या आकड्यांशी ताडून पाहतात. परंतु मताधिक्य जितके कमी, तितका नमुना मोठा घ्यावा लागतो, आणि इथे तो इतका मोठा झाला असता की त्यापेक्षा सगळेच कागद मोजणे सोपे, असा हिशेब होता. हे शक्य झाले त्याचे श्रेयही नव्या यंत्रांना द्यावे लागेल. २००२ पासून २०१९ पर्यंत जॉर्जियातली मतदान यंत्रे कागदाविना चालत. तेव्हा असा वाद उद्भवला असता, तर यंत्राकडून तोच आकडा पुन्हा मागण्यापलीकडे कोणाच्या हाती काही नव्हते. २०२० पासून मतदार पडद्यावर निवड करतो, यंत्र ती कागदावर छापून देते आणि मतदार तो कागद स्वतः वाचून स्कॅनरमध्ये घालतो.

त्या छापील कागदावर वर एक क्यूआर कोड होता आणि खाली कोणत्या पदासाठी कोणाला मत दिले ते साध्या अक्षरांत लिहिलेले होते. स्कॅनर क्यूआर कोड वाचत असे. आम्हाला त्याच्याकडे पाहायचेच नव्हते. माणसाला जे वाचता येते तेच मत, असे प्रशिक्षणात दोनदा सांगण्यात आले. टपाली मतपत्रिका मात्र लांब, घड्या पडलेल्या आणि हाताने लंबगोल भरलेल्या होत्या.

एका टेबलाला दोघे. माझे जोडीदार सत्तरीकडे झुकलेले एक निवृत्त गृहस्थ होते. ते कोणत्या पक्षाचे, हे मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. सील केलेली पेटी टेबलाशी आली की सीलचा क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी जुळवायचा, दोघांनी सह्या करायच्या आणि मगच ती उघडायची. निळे-काळे पेन टेबलावर आणू दिलेले नव्हते. मतपत्रिकेवर चुकून जरी रेघ उठली, तरी ती मतदाराची की आमची, हे नंतर कोण ठरवणार? एकाने कागद उचलून राष्ट्राध्यक्षपदाची ओळ वाचायची, नाव मोठ्याने उच्चारायचे आणि कागद दुसऱ्याच्या हाती द्यायचा. दुसऱ्याने तीच ओळ स्वतःच्या डोळ्यांनी वाचून नाव पुन्हा उच्चारायचे आणि मग कागद त्या नावाच्या गठ्ठ्यावर ठेवायचा. ट्रम्प, बायडन, लिबर्टेरियन पक्षाच्या जो जॉर्गेन्सन, या पदासाठी कोरे सोडलेले, एकाहून अधिक नावांवर खूण असलेले, हाताने नाव लिहिलेले, असे गठ्ठे. पेटी संपली की प्रत्येक गठ्ठा दहा-दहा करून मोजायचा, आकडे तक्त्यावर लिहायचे, पुन्हा दोघांच्या सह्या करायच्या, कागद पेटीत घालून नवे सील लावायचे. यंत्राने त्या पेटीत कोणाला किती मते दिली होती, ते आम्हाला माहीत नव्हते. ते माहीत नसणे हाच या कामाचा गाभा होता, कारण अपेक्षित आकडा समोर असला की माणूस नकळत त्याच्याकडे सरकतो.

ऐकताना हे काम पोरखेळ वाटते. पहिला तास तसाच गेला. दुसऱ्या तासात माझ्या लक्षात आले की कान डोळ्यांच्या पुढे धावू लागले आहेत: जोडीदाराने नाव उच्चारले की माझ्या तोंडून तेच नाव निघे आणि ओळीवर नजर जाई ती त्यानंतर. म्हणजे दोघांनी वाचायचे, या नियमाचा अर्थच निघून जात होता. मी त्यांना हे सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले की त्यांनाही आपलाच आवाज दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा ऐकू येऊ लागला आहे. मग आम्ही ठरवले की मी आधी ओळीवर बोट ठेवायचे आणि मगच तोंड उघडायचे, आणि दर पेटीला कामांची अदलाबदल करायची. वेग घटला, पण त्याला इलाज नव्हता.

आमच्या प्रत्येक दहा टेबलांमागे दोन्ही पक्षांचा एकेक निरीक्षक फिरत असे. त्यांना टेबलाजवळ येऊन पाहता येत होते, कागदाला हात लावता येत नव्हता. सामान्य लोकांसाठी दोरीपलीकडे जागा होती. निरीक्षकांपैकी एक बाई पहिल्या दिवशी आमच्या खांद्यावरून वाकून इतक्या बारकाईने पाहत होत्या की माझे हात थरथरू लागले. त्यांच्या मनात संशय होता आणि तो लपवण्याची गरज त्यांना वाटत नव्हती. शनिवारी त्यांनी आक्षेप घेतला की टपाली मतपत्रिकांच्या एका गठ्ठ्यात काही कागद अगदी कोरे-करकरीत आहेत, त्यांवर पाकिटाची घडी नाही, मग त्या टपालाने आल्या कशा? प्रश्न रास्त होता. पर्यवेक्षकांनी येऊन समजावले की परदेशातल्या सैनिकांना आणि नागरिकांना मतपत्रिका इंटरनेटवरून पाठवता येते. ते ती साध्या कागदावर छापून, भरून परत धाडतात. तो कागद स्कॅनर वाचू शकत नाही, म्हणून त्यावरचे मत इथे नव्या मतपत्रिकेवर उतरवून घेतात. फाटलेल्या किंवा डाग पडलेल्या मतपत्रिकांचेही तसेच. मूळ कागद वेगळे जपून ठेवलेले असतात. बाईंनी हे सगळे वहीत लिहून घेतले. त्यांचे समाधान झाले की नाही कळले नाही, पण त्या प्रश्न विचारून थांबल्या, घरी जाऊन अफवा लिहीत बसल्या नाहीत, एवढे मी नक्की म्हणेन.

याहून जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न सह्यांचा होता. टपाली मतांच्या सह्या या मोजणीत का तपासत नाहीत, हे दोरीपलीकडून रोज कोणीतरी ओरडून विचारी. खुद्द ट्रम्पही तेच विचारत होते. सही असते ती पाकिटावर. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पाकीट येई तेव्हा ती नोंदीतल्या सहीशी ताडली जाई, आणि मत मान्य झाले की पाकीट व मतपत्रिका कायमची वेगळी केली जातात. हाती आलेला कागद कोणाचा, हे त्यानंतर कोणालाच सांगता येत नाही, आणि येऊ नये अशीच जॉर्जियाच्या राज्यघटनेतली गुप्त मतदानाची अट आहे. ज्यांना हे ठाऊक होते त्यांनीही तो प्रश्न विचारणे सोडले नाही, याचा मला राग येत असे, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या हाती एक टपाली मतपत्रिका आली. मतदाराने एका उमेदवारासमोरचा लंबगोल पूर्ण भरला होता, मग त्यावर फुली मारली होती, दुसऱ्यासमोरचा भरला होता आणि त्याच्या शेजारी बाण काढून थरथरत्या अक्षरांत लिहिले होते, 'हा'. जोडीदार म्हणाले, मत सरळ आहे. मला तसेच वाटत होते, पण दोन लंबगोल भरलेले पाहून मी अडले. शंका असेल तर पाकिटात घालून पाठवायचे, असा नियम होता. आम्ही ती मतपत्रिका दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी असलेल्या मत-परीक्षण समितीकडे पाठवली. मतदाराचा हेतू स्पष्टपणे आणि निःसंशय कळत असेल तर मत धरायचे, अशी राज्याच्या कायद्याची कसोटी आहे. अर्ध्या तासाने कागद परत आला, मत धरले होते. ते कोणाला होते, हे मी आजवर घरीही सांगितलेले नाही.

त्या बाणाकडे पाहताना मला फ्लोरिडा आठवले. २००० साली तिथे जॉर्ज बुश आणि अल गोर यांच्यातला फरक सुमारे साठ लाख मतांत शेवटी ५३७ वर आला होता. तेव्हा तिथल्या अनेक काउंट्यांत मतदार कार्डाला भोक पाडून मत देत. भोक अर्धवट पडून कागदाचा कण लटकत राहिला असेल, किंवा नुसताच दबला असेल, तर ते मत धरायचे की नाही, हे एका काउंटीत एक आणि दुसऱ्या काउंटीत वेगळे ठरत होते. मतदानानंतर पाच आठवड्यांनी, १२ डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने फेरमोजणी थांबवली आणि त्यात या एकसारख्या कसोटीच्या अभावाचाच आधार घेतला. आमच्याकडचे बहुसंख्य कागद छापील असल्यामुळे तसे प्रसंग फारच थोडे आले. माझ्या टेबलावर पाच दिवसांत समितीकडे गेलेल्या मतपत्रिका एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. चुका झाल्या त्या मत ओळखण्यात नव्हे, तर मोजण्यात.

रविवारी संध्याकाळी आमची एक पेटी नोंदणीच्या टेबलावरून परत आली. पेटीत एकूण किती कागद असावेत, याची यादी तिथे होती. उमेदवारांचे आकडे नव्हेत, नुसती एकूण संख्या. आमच्या तक्त्यावर एक कागद कमी भरत होता. दिवसभर खुर्चीत बसून पाठ मोडली होती. माझ्या मनात आलेला पहिला विचार असा की एकाने काय बिघडते. आणि दुसरा असा की कोरा सोडलेल्यांच्या रकान्यात एक वाढवला तर कोणालाच कळणार नाही. तसे करायचे माझ्या मनात नव्हते, पण ते सुचले, हे खरे आहे, आणि सुचले म्हणूनच दोन माणसे का बसवतात ते मला त्या क्षणी समजले. आम्ही पेटी पुन्हा उघडली. एका गठ्ठ्यातले दहा-दहाचे थर मोजले, बरोबर. दुसऱ्यातले मोजले, बरोबर. तिसऱ्या फेरीत जोडीदारांनी एक थर हातात घेऊन अंगठ्याने कडा चाळल्या, आणि दहाव्या कागदाच्या पोटात अकरावा निघाला. टपाली मतपत्रिका घडीत एकमेकींत अडकल्या होत्या. गंमत म्हणजे आतला कागद योग्य गठ्ठ्यात होता तो केवळ नशिबाने. तो आमच्यापैकी कोणीही वाचलेलाच नव्हता. आम्ही तो बाहेर काढला, दोघांनी वाचला, तक्ता दुरुस्त केला, दुरुस्तीपाशी सह्या केल्या.

असा आणखी एखादा कागद आमच्या हातून निसटला नसेल, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. तेवढ्याच पाच दिवसांत राज्यभर हजारो माणसे तेच काम करत होती, तीही थकलेली होती आणि त्यांच्यापाशीही घडीत अडकलेले कागद होतेच. काही ठिकाणी एखाद्या गठ्ठ्याची नोंद दोनदा झाल्याचे पुढे उघडकीस आले.

त्याच आठवड्यात खऱ्या अर्थाने मोठ्या चुका बाहेर आल्या, पण त्या आमच्यासारख्या मोजणाऱ्यांच्या नव्हत्या. फ्लॉइड काउंटीत सुमारे २,६०० मते पहिल्या मोजणीत आलीच नव्हती, असे सोमवारी कळले. मंगळवारी फेयेट काउंटीत एका मेमरी कार्डावरची २,७५५ मते एकूण बेरजेत चढवायची राहून गेल्याचे निघाले. वॉल्टन आणि डग्लस काउंट्यांतही शेकड्यांत अशी मते सापडली. फ्लॉइडमध्ये ट्रम्प यांना सुमारे आठशे आणि फेयेटमध्ये ४४९ मतांचा निव्वळ फायदा झाला. आमच्या सभागृहात ही बातमी फोनवरून फोनवर फिरली तेव्हा दोरीपलीकडे टाळ्या वाजल्या आणि लगेच 'पाहिलेत, आम्ही म्हणत नव्हतो?' असा सूर लागला. मला मात्र उलट वाटत होते. कागद होते म्हणून ती मते सापडली, आणि सापडली ती ज्या मोजणीला ते नाटक म्हणत होते, त्याच मोजणीत.

आमच्या काउंटीचे काम मंगळवारी रात्री संपले. गुरुवारी, १९ नोव्हेंबरला राज्याचा निकाल आला: हाताच्या मोजणीत बायडन १२,२८४ मतांनी पुढे. यंत्राच्या आणि हाताच्या एकूण मतसंख्येत राज्यभरात ०.१०५३ टक्के फरक होता आणि मताधिक्यात ०.००९९ टक्के. दुसऱ्या दिवशी निकाल अधिकृत झाला, पण त्यातला आकडा आमचा नव्हताच. अधिकृत मताधिक्य १२,६७० चे होते: यंत्राची मोजणी अधिक राहून गेलेली मते. आमच्या मोजणीचा उद्देश यंत्राने विजेता बरोबर ओळखला का, एवढेच तपासण्याचा होता. तिने यंत्राची जागा घ्यायची नव्हती. हे प्रशिक्षणात सांगितले होते, तरीही मला आत कुठेतरी खट्टू वाटले. पाच दिवस मान मोडून मोजलेले आकडे तक्त्यातच राहिले. जोडीदारांनी फोनवर मला विचारले, आपण मोजले ते कमी खरे का? त्यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. आज मी म्हणेन की घडीत अडकलेला कागद आठवतो तोवर मला यंत्राचा आकडा अधिकृत असण्यात अपमान वाटत नाही.

फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असल्यामुळे हरलेल्या उमेदवाराला कायद्याने फेरमोजणी मागता येत होती. ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेने ती २१ नोव्हेंबरला मागितली. कायदेशीर फेरमोजणी ही, आणि ती स्कॅनरनेच करायची. म्हणजे मोजणीची तिसरी फेरी. २४ तारखेला सुरू झालेल्या या कामाला मला पुन्हा बोलावले. पहिलीच पेटी उघडताना सीलच्या कागदावर माझी आणि जोडीदारांची सही दिसली. जोडीदार यावेळी आले नव्हते. त्यांच्या घरी रात्री-बेरात्री फोन येऊ लागले होते, असे त्यांनी सांगितले, आणि त्यांच्या पत्नी घाबरल्या होत्या. १ डिसेंबरला राज्याचे अधिकारी गेब्रिएल स्टर्लिंग यांनी पत्रकार परिषदेत संतापून सांगितले की निवडणुकीचे काम करणाऱ्यांना धमक्या येत आहेत आणि हे थांबले नाही तर कोणाचा तरी जीव जाईल. ते बोलणे मी मतमोजणीच्याच सभागृहात, जेवणाच्या सुट्टीत ऐकले. कोणी काही बोलले नाही. सगळ्यांनी डबे आवरले आणि स्कॅनरपाशी जाऊन बसले.

७ डिसेंबरला निकाल पुन्हा अधिकृत झाला. मताधिक्य यावेळी ११,७७९. बारा हजार सहाशे सत्तर, बारा हजार दोनशे चौऱ्याऐंशी, अकरा हजार सातशे एकोणऐंशी: तीन मोजण्या, तीन आकडे. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी हेच आकडे माझ्यासमोर ठेवून विचारले की तिन्ही वेळा वेगळे उत्तर येत असेल तर विश्वास कशावर ठेवायचा. मी त्यांना घडीत अडकलेल्या कागदाची गोष्ट सांगितली. त्यांना ती विनोदी वाटली. पन्नास लाख कागद तीनदा मोजून शेवटच्या अंकापर्यंत तोच आकडा आला असता, तर मला जास्त संशय आला असता, हे म्हणणे त्यांना पटवून देणे मला जमले नाही.

२ जानेवारी २०२१ रोजी ट्रम्प यांनी रॅफेन्सपर्गर यांना केलेल्या सुमारे तासाभराच्या फोनचे ध्वनिमुद्रण दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध झाले. त्यात ते म्हणतात की मला फक्त ११,७८० मते शोधायची आहेत. मी ते स्वयंपाकघरात उभी राहून ऐकले आणि सवयीने मनात हिशेब सुरू झाला. दहा-दहाचे अकराशे अठ्ठ्याहत्तर थर. आमच्या वेगाने एका टेबलाला ते मोजायला पाच-सहा दिवस लागले असते. ते थर कोणत्या पेटीतून काढायचे होते, आणि तिच्या तक्त्यावर खाली ज्या दोघांच्या सह्या होत्या, त्यांना काय सांगून?